वसईहून पाहिलेलं लिस्बन

लिस्बनच्या बेलें भागात, तेजो नदीच्या काठाला लागून, पांढऱ्या दगडाचा एक बुरूज पाण्यात उभा आहे. १५१४ साली त्याचं काम सुरू झालं आणि पाचेक वर्षांत पुरं झालं. त्याचे नाजूक सज्जे आणि दगडात कोरलेले दोरखंड समोरून पाहायचे, फोटो काढायचा आणि निघायचं, असं बहुतेक जण करतात. मुलं बरोबर असतील तर जरा बाजूला सरा. पश्चिम अंगाची टेहळणीची कोठी भिंतीतून जिथे बाहेर येते तिथे, तिच्या तळाशी, एक डोकं कोरलेलं आहे. खाऱ्या वाऱ्यापावसानं शिंग झिजलंय, तोंड बोथट झालंय. दुर्बीण असली तर उत्तम. नसली तरी मोबाइलच्या कॅमेऱ्यातून कान आणि मानेवरची जाड घडी ओळखता येते. तो गेंडा आहे, आणि तो आपल्या बाजूचा आहे.

गुजरातचा सुलतान दुसरा मुजफ्फरशहा यानं १५१४ मध्ये तो भारतातल्या पोर्तुगीजांचा गव्हर्नर आफोंसो द आल्बुकर्क याला भेट दिला. आल्बुकर्कच्या वकिलांनी दीवला किल्ला बांधायची परवानगी मागितली होती. सुलतानानं ती नाकारली आणि नजराणे देऊन त्यांची बोळवण केली. आल्बुकर्कनं हा गेंडा गोव्याहून पोर्तुगालचा राजा मानुएल याच्याकडे रवाना केला. जानेवारी १५१५ मध्ये निघालेलं जहाज २० मे रोजी लिस्बनला लागलं. रोमन काळानंतर युरोपात जिवंत गेंडा कुणी पाहिलेला नव्हता. राजानं त्याची हत्तीशी झुंज लावायचं ठरवलं, तर हत्ती त्याला नुसता पाहूनच पळाला. तिकडे न्युरेम्बर्गमध्ये आल्ब्रेख्त ड्यूरर या चित्रकारानं गेंडा न बघता, लिस्बनहून आलेल्या वर्णनावरून आणि रेखाटनावरून त्याचा लाकडी ठसा कोरला. अंगावर चिलखताचे पत्रे ठोकल्यासारखा तो गेंडा युरोपातल्या पुस्तकांमध्ये पुढची दोन-अडीच शतकं छापला जात राहिला. खऱ्या गेंड्याला राजानं त्याच वर्षाच्या शेवटी पोपकडे नजराणा म्हणून पाठवलं. इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज वादळात सापडलं. गेंड्याला पोहता येतं, पण त्याला साखळदंडांनी जहाजाला जखडलेलं होतं.

"कुणी साखळी का नाही सोडली?" आमच्या धाकट्यानं विचारलं. तो दुसरीत आहे. त्याच्या या प्रश्नावर आम्ही नदीकाठच्या कठड्यावर बराच वेळ बसून बोललो.

आम्ही वसईचे. किल्ल्यातल्या छप्पर उडालेल्या चर्चमध्ये लपाछपी खेळत माझं लहानपण गेलं, आणि आता मुलांचंही जातंय. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाकडून वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती घेतली. मधली दोनशे वर्षं आमचं गाव पोर्तुगीजांच्या उत्तर प्रांताची राजधानी होतं. चौल, रेवदंडा, साष्टी, मुंबईची बेटं ही सगळी त्याच कारभारातली. म्हणून कुटुंबानं युरोपात एखादं शहर बघायचं तर कुठलं, असा प्रश्न घरात निघाला तेव्हा पॅरिस-लंडनचं नाव निघूनही मी लिस्बनचा हट्ट धरला. आपल्या किनाऱ्यावर जी गोष्ट भग्न अवस्थेत पडली आहे तिचं दुसरं टोक तिथे धडधाकट उभं आहे. ते टोक मुलांनी बघावं आणि तिथे गोष्टीचा आपल्याकडचा भागही त्यांच्या कानावर पडावा, असं मला मनापासून वाटत होतं. लिस्बनच्या पाट्या बऱ्याचदा अर्धीच गोष्ट सांगतात. उरलेली अर्धी सांगण्याचं काम बरोबरच्या मोठ्यांचं आहे.

बेलेंमध्ये अख्खा दिवस जातो, जाऊ द्यावा. बुरुजापासून चालत गेलं की जेरोनिमुशचा मठ लागतो. १५०१ च्या सुमारास मानुएल राजानं तो बांधायला घेतला आणि काम जवळजवळ शंभर वर्षं चाललं. पैसा आला आफ्रिकेच्या आणि पूर्वेच्या व्यापारावरच्या करातून, म्हणजे राजाच्या वाट्याला येणाऱ्या विसाव्या हिश्श्यातून. हे मुलांना आत शिरण्यापूर्वी सांगावं. मग आतल्या खांबांवरचा एकेक वेल, दोरखंड, शंख पाहताना तो त्या व्यापाराच्या पैशातून आलाय हे त्यांच्या डोक्यात राहतं. रांग लांब असते. दार उघडायच्या वेळीच पोचलेलं बरं. दुमजली ओवऱ्यांचा चौक तिकीट काढून बघावा. दुपारी उन्हं तिरपी झाली की तिथला चुनखडीचा दगड मधाच्या रंगाचा दिसतो, आणि आजी-आजोबांना टेकायला कट्टेही आहेत.

चर्चमध्ये शिरल्याबरोबर डाव्या हाताला वास्को द गामाची कबर आहे आणि समोर, उजव्या हाताला, कामोइंश या कवीची. वास्कोचा मृत्यू कोचीनला झाला, १५२४ च्या नाताळच्या आदल्या दिवशी. त्याचे अवशेष पुढे पोर्तुगालला आणले आणि १८८० मध्ये इथे ठेवले. कामोइंशनं गोव्यात बरीच वर्षं काढली. वास्कोच्या सफरीवरचं त्याचं महाकाव्य १५७२ मध्ये छापलं गेलं. या दोन कबरींभोवती कायम गर्दी असते. आमच्या मुलांना मात्र खरी गंमत सापडली पुढे, मुख्य वेदीपाशी. तिथे मानुएल आणि त्याचा मुलगा तिसरा जुआंव यांच्या, त्यांच्या राण्यांच्या शवपेट्या आहेत, आणि त्या पेट्या तोलून धरल्या आहेत संगमरवरी हत्तींनी. सोंडा खाली, कान पसरलेले, पाठीवर राजा.

"आजी, हत्ती किती दमले असतील गं!" धाकटा म्हणाला. आई आयुष्यभर गणपतीची पूजा करत आलेली बाई. तिनं कठड्यापाशी उभं राहून हात जोडले. शेजारच्या पहारेकऱ्यानं मान झुकवून तिला नमस्कार केला.

मठाच्याच एका अंगाला सागरी संग्रहालय आहे. जहाजांच्या प्रतिकृती, नकाशे, राजाची वल्ह्यांची सोनेरी नाव. ज्यांच्या घरात जहाजवेडं मूल आहे त्यांनी चुकवू नये. इतरांनी वेळ बघून ठरवावं. रथ-बग्ग्यांचं संग्रहालयही जवळच आहे. आम्ही तिथून भरभर निघालो.

नदीच्या बाजूला रस्त्याखालच्या भुयारी वाटेनं गेलं की शोधयात्रींचं स्मारक समोर येतं. जहाजाच्या नाळेसारखा पुढे झेपावलेला प्रचंड दगड, दोन्ही बाजूंनी चढत जाणाऱ्या तेहतीस मूर्ती. १९४० च्या प्रदर्शनासाठी ते तात्पुरतं उभारलं होतं, आणि १९६० मध्ये, सालाझारच्या हुकूमशाहीत, दगड-काँक्रीटमध्ये कायमचं केलं. पायाशी फरसबंदीत पन्नास मीटर व्यासाची होकायंत्राची आकृती आहे आणि तिच्या मध्यभागी जगाचा नकाशा, पोर्तुगीज कुठे कोणत्या साली पोचले त्या आकड्यांसह. मुलं नकाशावरून धावतात, समुद्र ओलांडतात, भारतावर येऊन उभी राहतात. भारताच्या किनाऱ्याशी १४९८ कोरलंय.

माझी लेक आठवीत आहे. त्या आकड्याजवळ उभी राहून ती म्हणाली, "बाबा, पण तिथे राहणाऱ्यांना तर आधीपासून माहीत होतंच ना, की ते तिथे आहेत?"

यानंतर मी तिला सांगितलं ते कुठल्याच पाटीवर नाही. वास्को ८ जुलै १४९७ रोजी याच काठावरून निघाला, पण आफ्रिकेच्या मालिंदी बंदरात त्याला आपल्या समुद्राची वाट जाणणारा वाटाड्या मिळाला आणि त्याच्या भरवशावर तो २० मे १४९८ रोजी कालिकतला पोचला. अरब, गुजराती, मलबारी नाखवे त्या पाण्यात शतकानुशतकं ये-जा करत होते. दुसऱ्या सफरीत, १५०२ मध्ये, याच वास्कोनं मक्केहून परतणाऱ्या यात्रेकरूंचं जहाज बायका-मुलांसकट जाळलं. जवळच्या चौकात उंच खांबावर आल्बुकर्क उभा आहे. नोव्हेंबर १५१० मध्ये त्यानं गोवा दुसऱ्यांदा जिंकला तेव्हा शहरातल्या मुसलमानांची कत्तल केली आणि तसं राजाला पत्रातून कळवलं. आठवीतल्या मुलीला हे सांगावं का, असा विचार माझ्याही मनात आला होता. सांगावं. ती कोकणातल्या, वसईतल्या इतिहासाची वारस आहे. देखण्या दगडाचं कौतुक आणि त्यामागचं दुःख ही दोन्ही एका वेळी मनात धरायला तेरा वर्षांचं मूल समर्थ असतं. आणि तिला हेही सांगितलं, की हे स्मारक उभं राहिलं त्याच्या पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९६१ मध्ये, गोवा मुक्त झाला.

बेलेंचा दिवस तिथल्या प्रसिद्ध पेस्ट्रीच्या दुकानात संपवावा. १८३४ मध्ये पोर्तुगालनं मठ बंद केले. मठातली कृती बाहेर आली आणि १८३७ पासून हे दुकान ती विकतंय. कुरकुरीत पापुद्र्याची वाटी, आत अंड्याच्या बलकाचं गोड दाट सारण, वरून करपलेले तपकिरी डाग. दालचिनीची आणि पिठीसाखरेची डबी टेबलावर असते. बाहेरची रांग घेऊन जाणाऱ्यांची असते. आत बसायला खोल्यांमागून खोल्या आहेत, तिथे जागा पटकन मिळते. गोव्याचं बेबिंक खाल्लेल्याला ही चव लगेच ओळखीची वाटते, कारण बलक आणि साखर यांच्यावरचा मठांचा हात दोन्हीकडे फिरलेला आहे. अंडं न खाणाऱ्या आईसाठी आम्ही घरून नेलेले बेसनाचे लाडू होतेच.

खाण्याचा विषय निघालाच आहे तर. लिस्बनमध्ये शाकाहाऱ्यांची उपासमार होत नाही, पण विचारून खावं लागतं. कोबीवर्गातल्या पालेभाजीच्या हिरव्या सूपमध्येसुद्धा बऱ्याचदा सॉसेजचा तुकडा असतो. पाव, चीज, ऑलिव्ह, फळं कुठेही उत्तम. कोपऱ्याकोपऱ्यावरच्या साध्या कॅफेंच्या काचेच्या कपाटात समोसे मांडलेले दिसतात. गोव्याकडून आलेले हे समोसे आता लिस्बनकरांचेच झालेत. मांसाचे असतात, भाजीचे आहेत का ते विचारावं. मार्तीं मोनीझ चौकाच्या आसपास डाळ-तांदूळ-मसाल्यांची दुकानं आहेत. आणि शहराच्या उत्तरेला, लुमियार भागात, राधाकृष्णाचं मोठं मंदिर आहे. ते बांधणारा समाज मुख्यतः गुजराती, त्यातले बरेच मोझांबिकमार्गे आलेले. १९७५ मध्ये मोझांबिक स्वतंत्र झाल्याच्या सुमारास अनेक कुटुंबं तिथून लिस्बनला आली. मंदिराच्या उपाहारगृहात शाकाहारी जेवण मिळतं. मंदिराजवळच्या रस्त्याला महात्मा गांधींचं नाव आहे.

शहर टेकड्यांवर वसलेलं आहे, हे म्हाताऱ्या माणसांना घेऊन जाणाऱ्यांनी आधीच ध्यानात घ्यावं. आईचे गुडघे दुखतात. आम्ही एक नियम केला: वर जाताना वाहन, खाली येताना पाय. फुटपाथ पांढऱ्या चुनखडीच्या आणि काळ्या बसाल्टच्या लहान चौकोनी तुकड्यांचे, हातांनी बसवलेले. रोसियो चौकात त्याच तुकड्यांनी लाटा काढल्या आहेत आणि त्यांवर चालताना जमीन खरंच हलल्याचा भास होतो. पाऊस पडला की हाच दगड निसरडा होतो. चांगल्या तळव्याचे बूट घालावेत. चपला हॉटेलात ठेवाव्यात.

अठ्ठावीस नंबरच्या पिवळ्या ट्रामबद्दल सगळ्यांनी ऐकलेलं असतं. लाकडी बाकांची, १९३० च्या दशकातल्या बांधणीची ही ट्राम आल्फामाच्या गल्ल्यांतून इतकी घरांना चिकटून जाते, की हात बाहेर काढला तर वाळत घातलेल्या कपड्यांना लागेल. सकाळी लवकर, आणि शक्यतो पश्चिमेच्या टोकाहून, काम्पु द ओरीकहून बसावं. मार्तीं मोनीझला लांबलचक रांग असते. गर्दीत खिसेकापूंपासून सांभाळावं. ग्लोरियाच्या चढावरची १८८५ पासूनची केबलगाडी मात्र ३ सप्टेंबर २०२५ रोजी घसरून आदळली आणि १६ माणसं गेली. त्या चढाच्या पायथ्याशी गेलो तर क्षणभर थांबावं, एवढं आपण करू शकतो.

ट्राममध्ये आमचं मराठी ऐकून समोरच्या बाकावरचे एक वयस्क गृहस्थ पुढे झुकले. "तुमी खंयचीं?" त्यांनी विचारलं. आईनं वसई सांगितल्यावर त्यांचा चेहरा उजळला. मडगावजवळचं गाव सोडून त्यांना पन्नासहून जास्त वर्षं झाली होती. ते कोंकणीत बोलत होते, आई मराठीत, आणि कुणालाच काही अडत नव्हतं. उतरताना ते धाकट्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, की याच शहराचे महापौर आणि पुढे देशाचे पंतप्रधान झालेले आंतोनियो कोश्ता आपल्याच मडगावच्या घरातले. ते खरं आहे: कोश्तांचे वडील, लेखक ओर्लांदो द कोश्ता, यांचं घराणं मडगावचं. आंतोनियो २०१५ ते २०२४ पंतप्रधान होते आणि डिसेंबर २०२४ पासून युरोपीय परिषदेचे अध्यक्ष आहेत.

साव जॉर्जच्या किल्ल्यावर मुलं रमतात. तटावरून चालता येतं, तोफांवर बसता येतं, आणि आवारात मोर मोकळे फिरतात. एवढं पुरे. त्या टेकडीच्या पलीकडे, थोडं खाली, जी जागा आहे तिच्याबद्दल मला जास्त लिहायचंय, कारण आपल्याकडचे पर्यटक तिथे फारसे फिरकत नाहीत.

साव व्हिसेंते द फोरा हा मठ १५८२ पासून बांधला गेला. त्याच्या जुन्या भोजनगृहात ब्रागांझा राजघराण्याच्या शवपेट्या ठेवल्या आहेत. पांढऱ्या भिंती, साध्या संगमरवरी पेट्यांच्या रांगा, प्रत्येकीवर नाव. त्यांतल्या एका पेटीवर कातारिनाचं नाव आहे. हीच ब्रागांझाची कॅथरीन, जिच्या लग्नाच्या करारात मुंबई दिली गेली. करार जून १६६१ मधला. इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला वधूबरोबर टँजियर बंदर, मोठी रोख रक्कम आणि मुंबईचं बेट मिळायचं होतं. आमच्या बाजूच्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांना आणि जमीनदारांना ते मुळीच पसंत नव्हतं. मुंबई म्हणजे नेमकं किती, साष्टी त्यात धरायची का, यावर इतका घोळ झाला की बेट इंग्रजांच्या हाती पडायला फेब्रुवारी १६६५ उजाडला. १६६८ मध्ये राजानं ते वर्षाला दहा पौंड भाड्यानं ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकलं.

कॅथरीननं मुंबई कधी पाहिली नाही. परक्या देशात, परक्या पंथाच्या दरबारात तिनं तीस वर्षं काढली. मूल झालं नाही. नवरा गेल्यावर ती लिस्बनला परतली, भावाच्या आजारपणात तिनं राज्यकारभारही पाहिला, आणि १७०५ च्या शेवटच्या दिवशी तिचा मृत्यू झाला. चर्चगेटला उतरून रोज नोकरीला जाणारी माझी बायको त्या पेटीसमोर बराच वेळ उभी होती. "हिला कुणी विचारलंही नसेल," ती म्हणाली. मग लेकीनं विचारलं, की मुंबईच्या माणसांना तरी कुणी विचारलं होतं का? आगरी, कोळी, भंडारी, पाठारे प्रभू. बेटावर त्या वेळी वस्ती होती, शेतं होती, ताडीची झाडं होती. मुंबईकर कुटुंबानं लिस्बनमध्ये एकच जागा बघायची असं ठरवलं तर मी हीच सांगेन.

त्याच मठात वरच्या मजल्यावर निळ्या-पांढऱ्या टाइल्सवर ला फोंतेनच्या प्राणिकथांची चित्रं आहेत, एकंदर ३८. कोल्हा आणि करकोचा, लांडगा आणि कोकरू. धाकट्यानं निम्म्या गोष्टी ओळखल्या. ला फोंतेननं काही कथा पंचतंत्राच्या भाषांतरांतून घेतल्याचं त्यानं स्वतःच नमूद केलेलं आहे, त्यामुळे ओळख पटली यात नवल नाही. गच्चीवरून तेजो दिसते, समुद्राएवढी रुंद. मंगळवार किंवा शनिवार असेल तर मठामागच्या मैदानात जुन्या वस्तूंचा बाजार भरलेला असतो. जुनी नाणी, कुलपं, फुटक्या टाइल्स. दुपारी घंटा वाजली तेव्हा आईला नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली घंटा आठवली. तीही पोर्तुगीज घडणीचीच. वसईच्या मोहिमेनंतर तिकडे गेलेली.

लिस्बन जसं आज दिसतं तसं ते दिसायचं कारण एकच सकाळ आहे. १ नोव्हेंबर १७५५, सर्व संतांचा सण, लोक चर्चमध्ये जमलेले. साडेनऊच्या पुढे भूकंप झाला. माणसं मोकळी जागा म्हणून नदीकाठी धावली आणि तिथे त्सुनामीच्या लाटा आल्या. देवळातल्या मेणबत्त्यांनी आणि चुलींनी लागलेली आग कित्येक दिवस जळत राहिली. हजारो माणसं मेली. मंत्री पोंबालनं शहराचा सखल भाग, बायशा, सरळ रुंद रस्ते आखून नव्यानं उभा केला. घरांच्या भिंतींत लाकडी चौकट्यांचे पिंजरे घातले, म्हणजे जमीन हलली तर भिंत लवचीकपणे झुलेल आणि पडणार नाही. नमुन्याच्या सांगाड्याभोवती सैनिकांना पाय आपटत चालवून त्याची परीक्षा घेतली, असं सांगतात. देशभरच्या पाद्र्यांना प्रश्नावली पाठवली: धक्का किती वेळ जाणवला, समुद्र आधी मागे हटला का, विहिरींचं पाणी कसं झालं? किल्लारीच्या आठवणी असलेल्या महाराष्ट्रातल्या माणसाला या प्रश्नांचं मोल वेगळं सांगायला नको.

हा भूकंप डोळ्यांनी पाहायचा तर कार्मुच्या मठात जावं. १३८९ मध्ये सुरू झालेलं हे चर्च त्या दिवशी कोसळलं आणि पुढे मुद्दाम तसंच ठेवलं. उंच टोकदार कमानी उभ्या आहेत आणि त्यांच्यावर छत नाही. निळं आकाश थेट आत. आमच्या मुलांना ही जागा शहरात सगळ्यात जास्त आवडली. कारण उघड आहे: छप्पर नसलेलं चर्च म्हणजे त्यांच्यासाठी घर. धाकटा आत शिरताच खांबामागे लपला. आतल्या छोट्या संग्रहालयात पेरू देशातल्या दोन ममी काचेच्या पेट्यांत गुडघे पोटाशी घेऊन बसल्या आहेत. भित्र्या मुलाला आधी सांगून ठेवावं.

बाहेरचा चौक तेवढाच महत्त्वाचा. २५ एप्रिल १९७४ रोजी तरुण लष्करी अधिकाऱ्यांनी उठाव केला. सालाझारनंतरचा सत्ताधीश मार्सेलो काएतानो याच चौकातल्या छावणीत लपला. कॅप्टन साल्गेइरो माइयाच्या तुकडीनं वेढा घातला, लोक झाडांवर चढून बघत होते, आणि संध्याकाळी काएतानोनं सत्ता सोडली. त्या सकाळी उपाहारगृहात काम करणाऱ्या सेलेश्ते काएरो या बाईनं सैनिकांना लाल कार्नेशनची फुलं दिली आणि त्यांनी ती बंदुकीच्या नळीत खोवली. जवळपास अर्धशतकाची हुकूमशाही एका दिवसात कोसळली. गोव्याशी याचा थेट संबंध आहे. सालाझारच्या राजवटीनं १९६१ नंतरही गोवा गेल्याचं मान्य केलं नव्हतं. नव्या सरकारनं ३१ डिसेंबर १९७४ च्या करारानं गोवा, दमण, दीव, दादरा आणि नगर हवेली भारताचे असल्याचं मान्य केलं. मेच्या अखेरीस या चौकातली जाकारांदाची झाडं जांभळी होतात. त्यांच्याखाली बसून मुलांना बंदुकीतल्या फुलांची गोष्ट सांगायला फार सुंदर जागा आहे.

मुलांना निव्वळ त्यांच्या आनंदासाठी एक दिवस द्यायला हवा, तो मत्स्यालयात द्यावा. वास्कोच्या सफरीला पाचशे वर्षं झाली म्हणून लिस्बननं १९९८ मध्ये महासागर या विषयावर जागतिक प्रदर्शन भरवलं. पूर्वेकडची पडीक औद्योगिक जमीन साफ करून तिथे बागा, विज्ञानकेंद्र, काठावरची रोपवे गाडी, नवं रेल्वे स्थानक केलं. प्रदर्शन संपल्यावर हे सगळं लोकांसाठी राहिलं, याचं मला फार कौतुक वाटतं. मत्स्यालयाच्या मधल्या टाकीत पन्नास लाख लिटर समुद्राचं पाणी आहे. शार्क, पाकट, आणि मध्येच तरंगत येणारा सूर्यमासा, शेपूट कापून टाकल्यासारखा, चपटा, माणसापेक्षा मोठा. भोवती चार महासागरांचे किनारे केले आहेत. त्यांत हिंदी महासागरही आहे. आई कोळीवाड्याशेजारी वाढलेली. पाकट दिसल्यावर ती शेजारच्या अनोळखी बाईला खुणांनी सांगू लागली, की याची शेपटी किती जपून कापावी लागते. त्या बाईला सगळं कळलं.

परतीच्या आधी समुद्र हवाच, म्हणून लोक काश्काइशला जातात. काइश दो सोद्रे स्थानकावरून लोकल सुटते आणि नदीच्या काठाकाठानं समुद्राकडे जाते. डावीकडच्या खिडक्या आधी भरतात. जमलं तर उजवीकडेही एक जण बसा. बेलें, आल्जेश गेलं की थोड्या वेळानं काशियश स्टेशन येतं. वरच्या टेकडीवर काशियशचा तुरुंग आहे. सालाझारच्या काळात राजकीय कैदी तिथे ठेवत. त्या कैद्यांमध्ये एक सांगलीचे होते. मोहन रानडे. गोव्यात मराठीचे शिक्षक म्हणून राहिले, आझाद गोमंतक दलात गेले, १९५५ मध्ये बेतीच्या पोलीस चौकीवरच्या हल्ल्यात गोळी लागून पकडले गेले. १९६० मध्ये त्यांना पोर्तुगालला हलवलं. पुढच्या वर्षी गोवा मुक्त झाला, पण ते या टेकडीवरच राहिले. इकडे सुधीर फडके यांनी त्यांच्या सुटकेसाठी पुढाकार घेतला. तमिळनाडूचे मुख्यमंत्री अण्णादुराई यांनी पोपकडे शब्द टाकला. जानेवारी १९६९ मध्ये रानडे सुटले. गोव्याचे तेलो माश्कारेन्यश यांनाही त्यांच्यानंतर, १९७० मध्ये सोडलं.

गाडी तिथे मिनिटभरच थांबते. टेकडीकडे बघत लेकीनं विचारलं, तिथून त्यांना समुद्र दिसत असेल का? खिडकी कुठल्या बाजूला होती त्यावर ते अवलंबून, असं मी म्हणालो. तिनं रानड्यांचं 'सतीचे वाण' वाचायला मागितलं, ते आता तिच्या टेबलावर आहे. काश्काइशला उतरलं की स्टेशनासमोरच वाळू आहे. अटलांटिकचं पाणी जुलैतसुद्धा चांगलंच गार असतं. मोठी माणसं घोट्यापर्यंत जाऊन परततात, मुलं मात्र ओठ निळे पडेपर्यंत बाहेर येत नाहीत, तेव्हा टॉवेल आणि कोरडे कपडे बरोबर ठेवावेत.